वरच्या मजल्यावरच्या बाईबरोबर मार्दिनला

लखनौला मानक नगरच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आमच्या डोक्यावर एक मल्याळी कुटुंब राहायचं. त्यांच्याशी आमचा उभा दावा होता. मी अंगणात कुरडया वाळत घातल्या की वरून साबणाचं पाणी आलंच म्हणून समजा. एकदा मी तणतणत वर गेले, तर दार अर्धवट उघडून त्या घरची बाई म्हणाली, "पानी नीचे ही जाता है, भाभीजी." त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं.

आमचे नवरे मात्र एकाच खात्यात. नव्वदीच्या मध्यावर दोघांनाही ट्रेनिंगसाठी तुर्कस्तानला धाडलं आणि शेवटी शेवटी आम्हा दोघींनाही तिकडे बोलावून घेतलं. तिथे गेल्यावर तिने हट्टच धरला की मार्दिनला जायचं. ती केरळची सिरियन ख्रिश्चन. त्यांच्या प्रार्थनेची सुरियानी भाषा त्या डोंगरातल्या दगडी गावात अजून बोलतात म्हणे. पुरुषांना सुट्टी नव्हती, आणि त्या भागात तेव्हा बंडाळीमुळे लष्कराचा बंदोबस्त होता.

"तिला एकटीला कसं पाठवायचं?" माझा नवरा म्हणाला. "तू जा बरोबर."

"मी? तिच्याबरोबर?"

"मग काय मी जाऊ?"

गेले. बसमध्ये तिने खिडकी पकडली आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मीही माझा डबा एकटीनेच संपवला.

मार्दिन म्हणजे डोंगराच्या अंगावर चढत गेलेली पिवळट दगडाची घरं. भिंती दगडाच्या, पायऱ्या दगडाच्या, गल्ल्याही दगडाच्या. खूप दारांना कुलपं होती. कोपऱ्याकोपऱ्यावर बंदूकवाले शिपाई. दुकानदार आम्हाला पाहून बोलायचे थांबत. चर्च शोधायलाच सकाळ गेली, कारण विचारलं की लोक मान फिरवत. शेवटी एका बोळात ते सापडलं. बराच वेळ कडी वाजवल्यावर एका म्हाताऱ्याने दार उघडलं. तो तिथली देखभाल करायचा. परदेशात काम करून आला होता, त्यामुळे मोडकंतोडकं इंग्रजी यायचं.

"काय पाहिजे?"

"मी सिरियन ख्रिश्चन आहे. इंडियातून आले," ती म्हणाली.

"इंडियात कुठले सिरियन? आमची माणसं गाव सोडून गेली. आता तुम्ही बघायला येता."

ती डोक्यावर पदर घेऊन आत शिरली. मीही मागोमाग गेले. आत गारवा होता, मेणाचा वास होता आणि वेदीवर जुना पडदा होता. तिने हात जोडले आणि तिची आजी म्हणायची ती प्रार्थना सुरू केली, "आवून दवश्मय्या..."

म्हातारा तडक पुढे आला. "चूक. आबून दबश्मायो. आम्ही ओ म्हणतो, ओ! तुमचं ते पूर्वेकडच्या चर्चवाल्यांचं. इथे असं म्हणायचं नाही."

तिने परत सुरुवात केली, तशीच, आ लावून. त्याने परत तोडलं. तिसऱ्यांदा तो हसला. छद्मी हसू होतं ते.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, "तिला तिच्या आजीने शिकवलंय, तुमच्या आजीने नव्हे. म्हणू दे तिला."

"तू कोण? ख्रिश्चन?"

"नाही."

"मग तू बाहेर."

मला वाटलं, निदान आता तरी ती माझ्या बाजूने बोलेल. तिने गर्रकन मान वळवली. "आपको किसने बोला बीच में बोलने को?"

त्याने दोघींनाही बाहेर काढलं आणि आतून अडसर घातला.

बोळातल्या उन्हात मी चालायला लागले. ती जागची हलली नाही. बंद दारासमोर उभी राहून तिने ती अख्खी प्रार्थना मोठ्याने म्हटली, एकेक आ ठासून. दोन शिपाई कोपऱ्यावरून बघायला लागले. मला तिला सोडून जाता येईना. समोरच्या माडीची खिडकी उघडली. काळा रुमाल बांधलेल्या म्हातारीने शेवटपर्यंत ऐकलं, "आमीन" म्हटलं आणि खिडकी लावून घेतली.

शिपायांनी आमच्या पिशव्या रस्त्यावर रिकाम्या केल्या, पासपोर्ट उलटसुलट पाहिले आणि पहिल्या बसमध्ये बसवून दिलं. बसमध्ये मी न राहवून विचारलं, "उसका मतलब क्या है?"

"आपको क्या करना है?" ती म्हणाली आणि डोळे मिटले.

लखनौला परतल्यावरही आमच्यात काही गोड झालं नाही. तिने मला चहाला बोलावलं नाही, मीही तिच्याकडे हळदीकुंकवाचं आमंत्रण धाडलं नाही.

दिवाळीत पुण्याहून माझी जाऊ आली. माझा धाकटा मुलगा पानावरून उठत म्हणाला, "काकू, मी जेवण खाऊन चुकलो." हिंदीतलं 'खा चुका' त्याने जसंच्या तसं मराठीत आणलं होतं. जाऊ पोट धरधरून हसली. सगळ्यांसमोर तिने त्याच्याकडून ते परत वदवून घेतलं, मग आणखी एकदा. "अगं, भैयाच झालाय हा! याला काय मराठी म्हणायचं?" पोराचा चेहरा उतरला. तो एरवीही माझ्या मराठीला हिंदीत उत्तरं द्यायचा. आता होतं तेही मराठी तो गिळून टाकणार, हे मला तिथेच दिसलं. आणि त्या गार चर्चमध्ये चढला होता तसाच संताप मला चढला.

"हसायचं असेल तर पुण्याला जाऊन हस," मी म्हटलं. "माझ्या घरात तो असंच बोलेल."

जाऊ भाऊबीजेपर्यंत थांबली नाही. नवऱ्याने माझ्याशी धड बोलायला संक्रांत उजाडली.