अर्धी गोळी

हे मी कोणालेच नाही सांगतलं. कोणालेच म्हणजे कोणालेच — पूनम माही शाळेपासूनची मैत्रीण, तिले मी माहं सगळं सांगते, पण हे नाही. आता दुकानात गिऱ्हाईक नाही, सेठ जेवाले घरी गेले, अन् मी साड्यांच्या काउंटरमागं बसून मोबाईलवर टाइप करून राह्यली. भराभर लिहिते हं, थांबली तं मिटवून टाकन. याच्या आधी पण मिटवलं हाय. मराठी चुकली तं चुकली, माही मराठी अशीच हाय — आईची थोडी, बालाघाटची थोडी, मधात हिंदी.

गोष्ट एका गोळीची हाय. बी.पी.ची गोळी, पांढरी, मधात रेघ असते नं, तशी. पण गोळीवर याले मले वेळ लागन. आधी दुसरं सांगू द्या.

माहे बाबा मलाजखंडले तांब्याच्या खाणीत ठेकेदाराचं डंपर चालवत. ठेका संपला, डंपर गेलं, बाबा बालाघाटले परत आले. घरी बसवत नाही म्हणे मले, हात सुटून जाईन. म्हणून जुनी ई-रिक्षा घेतली, आईच्या नावानं समूहाचं लोन काढून. समूह तं तुमाले माहीत असन — मोहल्ल्यातल्या बायका मिळून लोन घेतेत, पंधरा दिवसाले कोणाच्या तरी ओसरीत दरी, म्हणजे सतरंजी, टाकून बसतेत, वसुलीवाला सर येते अन् किस्त घेऊन जाते. एकीची कमी पडली तं कोणीच उठत नाही. घरी भात लागो की पोट्टं रडो. सगळ्या आपापल्या कनवटीतून काढून तिची भरतेत, मंग उठतेत. दुसऱ्या दिवशी तिले टोमणे पण मारतेत, ते वेगळं.

रिक्षाची बॅटरी वर्षभरात बसली. नवी बॅटरी म्हणजे दुसरं लोन. मंग बाबांनी किरनापुरच्या एका माणसाले ती मिळन त्या भावात देऊन टाकली. रिक्षा गेली, किस्त राह्यली.

आई राईस मिलमध्ये जाये, सकाळी सातले. मी या दुकानात. माहा पगार खोलीच्या किरायात अन् किराण्यात जाये, आईची मजुरी किस्तीत. कंट्रोलचा, म्हणजे राशनचा, तांदूळ होता म्हणून भात तरी होता. आई फोडणीले तेल चमच्यानं नाही, बोटानं टाके. गॅसची टंकी रिकामी होऊन कोपऱ्यात, तिच्यावर माही चार्जिंगची वायर ठेवलेली. आई मिलमधून भुसा आणे अन् शेगडी पेटवे. पावसाळ्यात आम्ही रानातली तरोट्याची भाजी किती खाल्ली असन, विचारूच नका. बाबा म्हणत, "आता आपल्याले कोणी कापलं तं हिरवं निघन." आम्ही हासत होतो तवा. खरंच हासत होतो.

अन् बाबा स्वतःले दोषी समजत. रिक्षा माह्या डोक्यातून निघाली, कर्ज माह्याच्यानं झालं — हेच चालू राहे. म्हणून त्यांनी आधी बिडी सोडली. मंग चहा सोडला. मंग एक दिवस म्हणे, गोळी अर्धीच खातो.

सरकारी दवाखान्यात गोळी कधी भेटे, कधी नाही. अन् जी मानवली होती ती मेडिकलातूनच आणा लागे. आई चिल्लावली, मी पण चिल्लावली. बाबा म्हणे, "किस्त होऊ दे. किस्त झाली का पुरी खाईन." आई मिलले निघून गेली. बाबांचा हात कापत होता, गोळी नीट तुटे नाही, भुगाच होये. म्हणून मंग — मी कापून द्याची. ब्लेडनं, ताटाच्या मागच्या बाजूवर. रोज सकाळी. अर्धी त्यांच्या हातावर, अर्धी परत पाकिटात, उद्यासाठी.

इथपर्यंत तुमाले वाटन का बिचारी पोरगी. नका वाटू देऊ.

आता माहं सांगते. माह्या मोबाईलची स्क्रीन गेली होती, अर्ध्या भागात नुसतं हिरवं-काळं दिसे. दुकानातल्या दोघी पोरी नवे फोन घेऊन रील बनवत अन् मले म्हणत, "तू पकड नं कॅमेरा, तुह्यात तर काही दिसतच नाही." मले लागलं ते. लय लागलं. अन् मोबाईलवर अॅपवाले पाच मिनटात लोन देत होते — फक्त फोटो, आधार, अन् सगळ्या कॉन्टॅक्टची परमिशन. मी दिली. फोन घेतला. घरी सांगतलं सेठनं जुना दिला. आईनं सेठले आशीर्वाद दिला — मी तिथंच उभी होती.

पुढचं तुमाले समजलं असन. एका अॅपचं भराले दुसरं अॅप. दुसऱ्याचं भराले तिसरं. मंग फोन याले लागले. साड्या घडी करता करता फोन. तिकडून माणूस हिंदीत म्हणे, फोटो भेज दूँ सबको? त्यानं माह्याच फोटोचं काहीतरी घाण करून मले पाठवलं होतं, नमुना म्हणून. मी दुकानाच्या बाथरूममध्ये जाऊन ते डिलीट केलं. माह्या कॉन्टॅक्टमध्ये कोण कोण होतं — मिलचा मुकादम, विहारातले दादा, बाबांचे मलाजखंडवाले दोस्त. मी काय करणार होती? नाही, हा प्रश्न चुकीचा हाय. करता येत होतं. संध्याकाळी घरी जाऊन आईले सांगता येत होतं. ती मारती. मारती अन् मंग चहा ठेवती.

बरं. आता शेवटची किस्त.

आम्ही किराया कमी करासाठी जुना मोहल्ला सोडून रेल्वे लाइनच्या तिकडं राहाले गेलतो, पण समूह जुन्याच मोहल्ल्यात होता. आई मिलमध्ये, म्हणून बैठकीले तिच्या जागी मी जायची. सर चालवून घेत, किस्तीचं कार्ड पण माह्याच जवळ राहे. तिथं एक रिवाज हाय. जिची शेवटची किस्त असते तिले सरच्या खुर्चीवर बसवतेत. सर उठून उभे राह्यतेत, बायका टाळ्या वाजवतेत, अन् ती सगळ्याले फुटाणे वाटते. नेहमी दरीवर बसणारी बाई, त्या दिवशी तेवढी खुर्चीवर.

तर कुंदामावशीनं — ती समूहाची प्रमुख, आमची जुनी शेजारीण — मले धरून खुर्चीवर बसवलं. म्हणे, "माय मिलमध्ये राबते, तिच्या वाटचं तू बस." मी बसली. सर म्हणे, मुबारक हो, खाता बंद. टाळ्या वाजल्या. मी फुटाणे नेलेच नव्हते, ते पण मावशीनंच आणले होते, पदरात बांधून. अन् मी तिथंच म्हटलं — अगदी सहज निघालं तोंडातून — का आईले कोणी सांगू नका, मी सांगन, बाबांच्या वाढदिवसाले, दोघाले एकदम.

सगळ्या बायका खुश झाल्या. मावशीनं तोंडावर बोट ठेवलं. म्हणे, पोरगी असावी तं अशी.

मले खरंच त्या घडीले तसंच वाटत होतं का? मी लय विचार केला यावर. वाटत होतं, थोडंसं. घरी जाईपर्यंत अॅपवाल्याचे चार-पाच फोन येऊन गेले होते.

अन् पुढच्या किस्तीच्या आदल्या दिवशी आईनं डब्यातून पैसे काढले, नोटा सरळ केल्या, माह्यापुढं धरल्या. मी हात पुढं केला. बस, इतकंच. काही बोलाव पण नाही लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ताट उलटं करून बसले होते. ब्लेड पण काढून ठेवलं होतं त्यांनीच.

मी गोळी कापली.

हेच. हे सांगासाठी इतकं सगळं लिहिलं. पैसे घेतले ते नाही, फोन घेतला ते पण नाही. किस्त फिटली होती. बाबांनी म्हटलं होतं किस्त झाली का पुरी खाईन. झाली हे घरात एकट्या मलेच माहीत होतं, अन् ब्लेड माह्या हातात होतं, अन् मी रोज सकाळी गोळी कापत राह्यली. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बाबांचा वाढदिवस पण त्यातच येऊन गेला — त्या दिवशी पण कापली. रेघेवर ब्लेड ठेवाचं, अंगठ्यानं दाबाचं, टक्‌ आवाज येते. मधातच त्यांची गोळी संपे तं मेडिकलातून मीच आणून देत होती, अर्ध्या महिन्याची. बाबा चेष्टा करत. "तू तं सावकारापेक्षा कंजूस निघाली वं. गोळी पण तोलून देते." अन् विचारत, "किती राह्यल्या आता?" मी म्हणो, थोड्याच बाबा. ते म्हणत, "होऊन जाईन."

थंडीत एका सकाळी त्यांच्या हातातून ताट पडलं. मले वाटलं हात थरथरला नेहमीसारखा. मंग पाह्यलं तं तोंड एका बाजूनं उतरलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "बीपी की गोली रोज़ लेते थे?" आईनं माह्याकडं पाह्यलं, कारण गोळीचं माह्याकडं होतं. मी म्हटलं, "हाँ सर, रोज़." खोटं कुठं होतं त्यात? रोजच तं खात होते. डॉक्टरनं लिहून घेतलं. अन् आई — आईले अर्धीचं माहीत होतं. ती पण चूप राह्यली. तिले वाटलं गरिबीची लाज हाय, डॉक्टरसमोर कायले काढाची. तिले तिच्या चूप राहण्याचं काय काय वाटत असन आता, ते ओझं पण माहंच हाय, तिचं नाही.

अर्ध्या गोळीनंच झालं का? माहीत नाही. मी कोणाले विचारलंच नाही. विचाराची हिंमत नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी कुंदामावशी दवाखान्यात आली. बायकांनी आपसात पैसे जमा केले होते, ते रुमालात बांधून. आई तिच्या गळ्यात पडून रडली, अन् मंग डोळे पुसून म्हणे, "कुंदाबाई, या वेळची किस्त तेवढी सांभाळून घे. सरले सांग, घरची हालत अशी हाय. पुढच्या वेळी दोन्ही भरतो."

मावशी तिच्याकडं पाहत राह्यली. मंग माह्याकडं. मी खिडकीकडं पाह्यलं. बाहेर कोणीतरी केळं सोलत होता, मले ते आजही दिसते.

मावशी म्हणे, "हौ. पाहून घेऊ."

बस. मी तिले जिन्यापर्यंत सोडाले गेली. तिनं माहा हात धरला. मले वाटलं आता मारन. ती एकच म्हणाली, "म्या तुले खुर्चीवर बसवलं होतं." अन् हात सोडला, अन् उतरून गेली. तिनं आजपर्यंत कोणाले नाही सांगतलं. माह्यासाठी नाही — आईचं तोंड पाहून. रस्त्यात दिसते मले कधी कधी. पदर सारखा करते अन् दुसऱ्या बाजूनं जाते.

अॅपवाल्याचे शेवटचे पैसे बाबा भरती असतानाच गेले. आईनं तिचे कानातले गहाण ठेवून आणलेल्या पैशातून किस्तीसाठी म्हणून दिले, त्यातून. मंग मी घरी सांगतलं — झाली. फिटली. आई भिंतीले टेकून खाली बसली. मंग उठली अन् जिलेबी घेऊन आली, खरी जिलेबी, हॉटेलातली, अन् शेजारी पण वाटली. बाबांनी डाव्या हातानं पहिला तुकडा मले चारला. उजवा उठत नाही आता. जीभ पण जड हाय, पण एक वाक्य ते साफ बोलतेत, कारण घरी येणाऱ्या सगळ्याले तेच सांगतेत, मलाजखंडवाल्या दोस्ताले, दूधवाल्याले पण — माह्या पोरीनं कर्ज फेडलं.

मी चहा ठेवाले आत जाते तवा.

दर इतवारी विहारात पंचशील घेतो आम्ही. आई मोठ्यानं म्हणते. चौथं येते, खोटं बोलणार नाही वालं, तवा मी नुसते ओठ हलवते.

सेठची गाडी लागली बाहेर. लवकर सांगते.

मले कोणी माफ कराव म्हणून नाही लिहिलं हे. आईले सांगन का? मी रोज म्हणते सांगन. मंग आई मिलमधून येते, पाय धुते, अन् म्हणते आता कसं मोकळं वाटते नं बाई. अन् मी म्हणते, हौ.

ब्लेड मी फेकून दिलं. सकाळी गोळी मीच देते, अजून पण. बाबा डावा तळवा पुढं करतेत, गोळी पाहतेत, अन् रोज विचारतेत, "पुरी?"

मी म्हणते, "पुरी, बाबा."

मंग ते माह्याकडं पाहून हासतेत. अर्धंच तोंड हासते.