सिनेमाला चांदीची गदा

आमच्या कोल्हापुरात माणूस आधी संशय घेतो आणि मग चहा. याला कारण कुस्ती. दोन पैलवान आधीच ठरवून लढले की त्याला आम्ही नुरा कुस्ती म्हणतो, आणि एकदा का मैदानाला नुरेचा वास आला की मग कुणाची धडगत नसते. माझा तर जन्मच तालमीच्या भिंतीला लागून असलेल्या घरातला. त्यामुळे माझ्या मावशीच्या सिनेमाला सरकारी पारितोषिक मिळाल्याचं कळलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो 'नुरा' हाच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मावशी सिनेमात लहानसहान कामं करायची. स्टुडिओ गावातच होता. शूटिंगला ती चालत जायची आणि दुपारी भाकरीला घरी यायची. त्या वर्षी तिचे दोन सिनेमे लागले. एकात ती पाटलीणबाई होती, ढोलकीच्या ठेक्यावर लाटणं घेऊन नवऱ्याला अंगणभर पळवणारी. तो सिनेमा टॉकीजवरून हलता हलेना. पार गारगोटी-कुरुंदवाडकडून माणसं ट्रक भरभरून यायची. दुसऱ्यात ती परागंदा झालेल्या मुलाची वाट बघत उंबऱ्यावर बसलेली म्हातारी होती. शेवटापर्यंत एक अक्षर बोलायची नाही. हा सिनेमा आठवडाभरही टिकला नाही, आणि पारितोषिक नेमकं यालाच!

पेठेत गिल्ला झाला. तालमीत पोरांना कुस्ती शिकवणारे वस्ताद कट्ट्यावर बसून गरजले, "बंद खोलीत चार माणसं निकाल लावत्यात, ह्येला काय निकाल म्हंत्यात व्हय? दम असंल तर मैदानात लावा की जोड!" आणि खरंच तसं ठरलं. गणपतीत गल्लीत पडदा बांधून दोन्ही सिनेमे दाखवायचे, हात वर करून कौल घ्यायचा आणि जिंकेल त्याला तालमीतर्फे चांदीची गदा द्यायची. सिनेमाला गदा! यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही.

सरकारवर माझा विश्वास नव्हता तसा पब्लिकवरही नव्हता. टॉकीजवाला आपली माणसं पेरणार, हे मी गृहीतच धरलं होतं. वस्तादांना त्याच टॉकीजमध्ये बाल्कनीतली खुर्ची कायमची राखून असते, हे तर शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी मावशीला म्हटलं, "तू जाऊच नकोस. उगाच तमाशा होईल."

"जाणार," ती म्हणाली. "पाटलीणबाईला लोकं रस्त्यात हाका मारत्यात. त्या उंबऱ्यावरच्या बाईला कुणी बघितलंच न्हाय. गदा कुनालाबी मिळू दे. लोकं तिच्याकडं बघत्यात का न्हाय, एवढंच मला बघायचं हाय."

त्या कामासाठी ती घरात दिवसेंदिवस उंबऱ्यावर बसून राहायची. दूध उतू गेलं तरी उठायची नाही. आम्ही तिला हसायचो.

पहिल्या संध्याकाळी पाटलीणबाई झाली. शिट्ट्या, टाळ्या, फेटे वर उडाले. मी पडद्याकडे कमी आणि शिट्टी कोण मारतंय तिकडेच जास्त बघत होतो. टॉकीजचा डोअरकीपर पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसला होता. घ्या, म्हटलं, पुरावा!

दुसऱ्या संध्याकाळी उंबऱ्यावरची म्हातारी. गल्लीतल्या पडद्याला दोन्ही बाजूंनी माणसं बसतात. मागच्या बाजूच्यांना सगळं उलटं दिसतं, पण त्याचं कुणाला काही नसतं. अर्धा सिनेमा झाला नाही तोच माणसं शेंगा आणायला उठू लागली. पडद्यावर मावशी नुसती वाटेकडे बघत बसलेली. आणि पडद्यामागून आरोळी आली, "अगं बाई, बोल की कायतरी!"

सगळी गल्ली खो खो हसली. माझ्या शेजारी मावशीनं पदर तोंडाला लावला. मी ताडकन उठलो, तर तिनं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. आवाज मी ओळखला होता. कसबा बावड्याहून रोज म्हशी घेऊन आमच्या दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध विकायला येणारा गवळी. टॉकीजच्या कँटीनला दूध त्याचंच. मग आणखी काय हवं? पेरलेला माणूस! माझं डोकं असं फिरलं, की त्या वेळी तो हाताला लागता तर मी त्याला तिथंच आडवा केला असता.

कौल झाला. पाटलीणबाईला उसाच्या फडासारखे हात वर झाले. म्हातारीला माझा आणि कॉलेजातल्या दोन-चार मास्तरांचा. मावशीनं कुणालाच हात वर केला नाही. वाटेत मी नुरा, नुरा म्हणून बडबडत होतो. ती एकदाच म्हणाली, "गप चल."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी दूध कट्ट्यावर निघाली. मी मुद्दाम सोबत गेलो, भांडायलाच. गवळ्यानं म्हशीच्या कासेतली धार थेट ग्लासात धरली, फेसाळ ग्लास मावशीच्या हातात दिला आणि मान खाली घालूनच म्हणाला, "मावशी, काल वरडलो त्यो मीच."

"वळखला की आवाज."

"सोसंना वो. आमचा थोरला भाऊ घर सोडून गेला, तवापास्नं आई अशीच उंबऱ्यावर बसायची. बोलायची न्हाय. तशीच गेली. काल पडद्यावर तीच बसल्याली दिसली. म्हटलं, आता तरी बोल की बाई कायतरी."

मावशी ग्लास हातात तसाच धरून उभी राहिली. मला मात्र राहवेना. मी त्याला विचारलं, "मग हात कुणाला वर केलासा?"

"पाटलीणबाईला."

"का?"

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी कुठल्या मुलखातून आलोय तेच त्याला कळेना. "गदा पाटलीणबाईलाच की, पावणं. आईला कोन गदा देतंय व्हय?"

मी त्याच्या चेहऱ्यावर नुरा शोधत राहिलो. मावशीनं दूध संपवलं, पदरानं ओठ पुसले आणि रिकामा ग्लास त्याच्यापुढे केला.

"आनी एक दे," ती म्हणाली.