कूलरच्या पलीकडची खुर्ची

परवाच्या रविवारी सकाळीच अकोल्याहून अमरावतीला पोचले, ते डोक्यात राग घेऊनच. आईच्या टॅबचं वायफाय मी आठ दिवसांपूर्वी नीट करून दिलं होतं, आणि दुसऱ्याच दिवसापासून ते पुन्हा तुटायला लागलं होतं...

आता म्हणाल, एवढं काय त्यात? तर सांगते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ती आतल्या खोलीत पडून असते आणि रोज दुपारी तीनला मोर्शीच्या धाकट्या मावशीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. तोच तिचा विरंगुळा. टॅबमध्ये सिम नाही, सगळा भरवसा वायफायवर.

त्यात मावशीच्या मुलाचं लग्न नेमकं ऑपरेशनच्याच आठवड्यात झालं. आई-बाबांना जाता आलं नाही. मावशी जरा फुगली होती, पण बोलत होती. आणि योग असा, की ती लग्नातल्या हळदीपर्यंत पोचायची आणि इकडे कॉल कट!

एकदा झालं, दोनदा झालं... चौथ्यांदा मावशीने साध्या फोनवर आईला सुनावलं, "ताई, तुले माह्या घरचं आयकायचंच नाही ना, तं तसं सांग. असा तोंडावर फोन काहून आपटून राहिली?" त्यानंतर तिने आईचा फोन उचलणंच बंद केलं.

दोघींनी साठी ओलांडलीय, पण आई त्या दिवशी जेवली नाही. तीन वाजले की टॅब पोटावर ठेवून नुसती बघत राहते, असं बाबा सांगत होते.

मी शाळेत शिकवते आणि शाळेतले कॉम्प्युटरही माझ्याच गळ्यात आहेत, त्यामुळे घरात मी एक्स्पर्ट! पहिल्या रविवारी जुनं नेटवर्क काढून पासवर्ड नव्याने टाकला, राउटर बंद-चालू केला, टॅब अपडेट केला. सगळं मस्त चाललं, आणि मी बाराच्या बसने ऐटीत परत.

या रविवारीही सकाळी बघते तर वायफाय फुल्ल. मी राउटरला नावं ठेवली, टॅबला ठेवली, शेवटी आईलाच म्हटलं, तूच काहीतरी भलतं बटण दाबत असशील. तिने टॅब उशाशी उलटा करून ठेवला. ते मला अजून टोचतंय...

या वेळी मात्र दुपारी थांबले.

एक वाजता बाबा उठले. आमचा कूलर म्हणजे जुना, पत्र्याचा, माझ्या छातीपर्यंत येणारा. दरवर्षी तो हॉलच्या खिडकीत बसतो. आतल्या खोलीची खिडकी शेजारच्यांच्या भिंतीला भिडलेली, तिथे तो लागत नाही. म्हणून यंदा बाबांनी खास आईसाठी वेल्डरकडून त्याला चाकांचं स्टँड करून घेतलंय. सकाळी तो व्हरांड्यात. दुपारी बाबा टाकीत सहा बादल्या पाणी ओततात आणि ढकलत आणून आईच्या दारात उभा करतात, तोंड आत.

मी टॅब हातात घेऊनच बसले होते. कूलर दारात आला आणि टॅबवरच्या रेषा एकेक करून गेल्या...

आमचा राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला, दाराच्या अगदी समोर. मध्ये हा एवढा पत्रा आणि टाकीभर पाणी. त्यातून वायफाय काय डोंबल जाणार!

मी ओरडलेच. बाबांना समजावून सांगितलं, तसा त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे... मीच तोडून राहिलो होतो?" म्हणाले आणि लगेच कूलर मागे ओढायला लागले. आई आतून म्हणाली, "राहू द्या जी. तुमी काय मुद्दाम केलं काय?"

कूलर हलवायची गरजच नव्हती. टीव्हीमागे वायरची मोठी गुंडाळी होती, ती सोडली आणि राउटर आईच्या खोलीतल्या फळीवर चढवला. दहा मिनिटांचं काम.

मावशी फोन उचलेना, म्हणून तिच्या नव्या सुनेला, रूपालीला फोन करून सगळं सांगितलं. बरोब्बर तीनला तिने कॉल लावून मोबाइल सासूच्या समोर धरला. मावशीचा "जयभीम ताई" एकदम कोरडा. आईने टॅब माझ्याकडे दिला, "दाखव तिले. पाह्य वं, हे धूड उभं होतं तुया-माया मंधात."

मी टॅब घेऊन कूलरला वळसा घातला, राउटर आधी कुठे होता ते दाखवायला. मावशी एकदम गप्प. मला वाटलं, गेलं पुन्हा नेटवर्क!

तर मावशी म्हणते, "अन् भाऊजी काहून तिथं बसून राहिले? सारा वारा तं आत जाऊन राहिला."

कूलरच्या मागे, तापलेल्या हॉलमध्ये, बाबा खुर्चीवर बसले होते. डोक्यावर ओला टॉवेल. म्हणजे रोज दुपारी ते तिथेच बसत होते... आईला कूलरच्या आडून दिसत नव्हते. पण मला न दिसायला काय झालं होतं, माहीत नाही.

"मले सवय आहे," बाबा म्हणाले. "सवय गेली चुलीत, ताईपाशी जाऊन बसा पयले," मावशी म्हणाली. बाबा कूलर जरा सरकवून आत आले आणि आईच्या पायाशी बसले.

मग मावशीने हळदीपासून सुरुवात केली. कोण आलं, कोण रुसलं, भाजी कशी कमी पडली... मध्येच आई रडली, तिकडे मावशीही. सव्वा तास! शेवटी सगळं, अगदी सगळं सांगून झाल्यावर कॉल मावशीनेच ठेवला.

पोरीने वायफाय जोडलं, असं बाबा सध्या गल्लीभर सांगत फिरतायत. पण खरं सांगू? मी फक्त राउटर आत आणला. बाबांना आत आणलं ते मोर्शीहून माझ्या मावशीने.