आईचा राहिलेला ईस्टर

शांता, मी पुण्याला निघाले तेव्हा हुबळी स्टेशनावर तू परकर सावरत गाडीच्या चाकांकडे बघत होतीस. डॉक्टरांनी आपल्या आईच्या खोकल्याला क्षयाचं नाव दिलं आणि त्याच आठवड्यात मी नर्स व्हायचं ठरवून टाकलं. डब्यात चढताना आईला म्हटलं, तीन वर्षांत शिकून येते आणि तुला खडखडीत बरी करते. अप्पा मागून म्हणाले, "देवाची मर्जी असली तर, एवढं म्हण की बाळ." मी म्हटलं नाही. मला घाई होती.

तीन वर्षांनी रजा काढून आले ती घराची मेट्रन होऊनच. खिडक्या उघड्या, आईची ताटवाटी वेगळी, दूध, अंडी, भिंतीवर तापाचा तक्ता. आईच्या अंगानं थोडं मांस धरलं आणि मी अभिमानानं फुगले. अप्पा कारखान्यातून आले की आधी माझी परवानगी घेऊन तिच्याजवळ बसायचे.

मग ईस्टर आला. आपली मंडळी पहाटे कब्रस्तानात जातात, चुना लावलेल्या थडग्यांवर फुलं ठेवतात आणि सूर्य वर येईपर्यंत गातात. लग्न झाल्यापासून आईची ती पहाट कधी चुकली नव्हती. मी नाही म्हटलं. दंव पडतं, छातीला सोसणार नाही. अप्पा म्हणाले, टांग्यातून नेऊ, घोंगडी पांघरून. मी तापाचा तक्ता दाखवला. आई आमच्या दोघांकडे बघून हसली.

"ऱ्हाऊ दे की. पुढल्या वर्षी मी तिथंच असणार. तुम्हीच याल."

मी चिडले. पुढल्या वर्षी तू तुझ्या पायांनी चालत जाशील, असं तिला बजावलं. तुम्ही सगळे गेलात आणि ती नवं लुगडं नेसून खाटेवर बसून राहिली, तुम्ही परत येईपर्यंत. एका शब्दानं मला बोलली नाही. श्रावणात ती गेली.

त्यानंतर मी एकाही ईस्टरला घरी आले नाही. ड्यूटी आहे असं कळवत गेले. काही वेळा ती मीच मागून घेतलेली असायची. पुण्यात आठ वर्षांत चार खोल्या बदलल्या, कुठेच मन लागत नाही. ईस्टरच्या पहाटे इथल्या कब्रस्तानात जाते, अनोळखी थडग्यांमधून फिरते आणि गाणं सुरू व्हायच्या आत निघते. आपली घरं सोडून इथे आलेल्या बाकीच्या नर्सेस एकमेकींना धरून गातात. त्यांचा मला हेवा वाटतो.

रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर म्हणते, देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे. सोमवारी वॉर्डात तसलाच खोकला ऐकते. ज्या छातीपुढे माझं सगळं शिक्षण हरलं, ती पुन्हा श्वासानं भरेल, हे मला कळत नाही. तरी मी ते सोडत नाही. सोडलं तर आई त्या खाटेवरच बसून राहील.

तू पत्रात विचारलंस, अक्का, तुझं घर आता पुण्यालाच ना? नाही गं. कब्रस्तानातली आईशेजारची जागा माझ्यासाठी ठेवायला अप्पांना सांग. ती उठेल तेव्हा मला जवळ घेईल की नाही, ठाऊक नाही. पण आधी चांगली रागावेल. तेवढं तिचं राहून गेलंय.