ताईनं मागितलेला बुका

सानगडीच्या बाजारात होतो तेव्हा सुमनचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "ताई गेल्या…" एवढंच बोलली. महिना झाला त्याला. पण आठवत राहते ती मे महिन्यातली दुपार, ताई जाता जाता राहिली ती.

विजूताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला त्या सुमारास इंडोनेशियातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला गेली. काही वर्षांनी परतली, साकोलीच्या कॉलेजात लागली आणि इंग्रजी आणि इंडोनेशियन या दोन्ही भाषांच्या अक्षररचनेवर प्रबंध लिहायला बसली. जेवताना आम्हाला ऐकवायची, "इंग्रजीत एका स्वराभोवती व्यंजनांची मोळी बांधतात, ‘स्ट्रेंग्थ’! तिकडच्या लोकांना मध्ये स्वर लागतो. क्लासचं केलास, ग्लासचं गेलास." त्यावर आई म्हणायची, "मंग माह्या गिलासले हासते काहून?"

अशा बाईला पक्षाघात झाला आणि वाचाच गेली. पुन्हा झटका येऊ शकतो, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या दुपारी लाईन गेली, कूलर बंद पडला. गरम वारा नको म्हणून खोली गच्च लावलेली. ताईचा चेहरा एकाएकी काळवंडला, श्वास अडकू लागला. "बु…का," ती म्हणाली. इतक्या दिवसांतला पहिला शब्द! आई देवघरातली डबी घेऊन आली. "बुका मांगून रायली पोरगी… जायची वेळ आली रे!" तिनं कपाळाला बोट लावताच ताईनं डाव्या हातानं डबी उडवली. सुमन डॉक्टरांना फोन लावत होती. "बुका!" ताई पुन्हा म्हणाली, आता चक्क चिडून. तिची नजर आमच्या डोक्यावरून पलीकडे गेलेली… आणि मला जेवणाच्या पाटावर तिनं सांगितलेला एक शब्द आठवला. इंडोनेशियन बुका, म्हणजे उघड! दोन अक्षरं, दोन्ही स्वरात संपणारी. मी धावलो. खिडकीचं दार कूलरच्या ओलीनं फुगून बसलं होतं, खांद्यानं ढकलून उघडलं. वारा आत आला. कितीतरी वेळानं तिची छाती संथ हलायला लागली. आई भिंतीला टेकून रडत होती.

पुढं मराठी परतली, तीही सोप्या अक्षरांनी. आई, पानी. माझं नाव श्रीकृष्ण मात्र जमेना. "सिरीकिसन म्हन ना वं," आई सुचवायची. ताई नाही म्हणून मान हलवायची. म्हणीन तर नीट म्हणीन.

ती गेली त्या दिवशी सकाळी मी बाजाराला निघताना तिनं मला थांबवलं, ओठ आवळले, आणि स्वच्छ म्हणाली, "श्री." मग हातानं खुणावलं, उरलेलं संध्याकाळी.

अजूनही बाजारातून आलो की आधी तिच्या खोलीत जातो, खाटेशी बसतो… आणि वाट पाहतो.