हरळी आणि सासूबाईंची पात

गडचिरोलीला पाटबंधारे खात्याचं क्वार्टर मिळालं तेव्हा मी नवऱ्याला एकच गोष्ट मागितली: पुढच्या अंगणात हिरवळ. मी चंद्रपुरात कोळशाच्या धुळीत वाढले. वाळत घातलेली चादर संध्याकाळी काळपट होऊनच घरात यायची. मला पाय ठेवायला हिरवं हवं होतं, एवढंच. नवरा म्हणाला, "गवत पाह्यजे त जंगलात जा." पण विश्रामगृहाच्या आवारातून पोतंभर हरळी त्यानंच आणून दिली.

हरळीनं जीव धरला, आणि पाठोपाठ न बोलावलेले पाहुणेही आले: मोथा, केना, तरोटा, गाजरगवत. खात्यातले लोक म्हणत, औषध मारा. माझी मुलं त्या गवतात लोळायची, मी औषधाला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. पाऊस उघडला आणि माती मऊ झाली की खुरपं घेऊन बसायचं. मोथा वरून ओढला तर फसवतो, पान हातात येतं आणि गाठ मातीत राहते, म्हणून तो गाठीसकट खणायचा. गाजरगवत फुलायच्या आधी, हाताला फडकं गुंडाळून. कोवळा तरोटा भाजीला. आणि हिरवळ फार खाली कापायची नाही, ती दाट राहिली की तणाला ऊन मिळत नाही. हे सगळं मी चुकतमाकत शिकले होते आणि त्याचा मला गर्व होता.

त्या पावसाळ्यात सासूबाई राहायला आल्या. सासरे उन्हाळ्यात गेले, सावली तालुक्यातल्या गावात त्या एकट्या पडल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांच्या धानात रोपांची रोवणी आणि तणाचं निंदण केलेली बाई. आता आईनं आरामात खुर्चीत बसावं, असं नवऱ्याला वाटायचं. त्यांनी राहावं असं मलाही वाटत होतं, आणि ते काही नुसतं प्रेम नव्हतं. मी शाळेत शिकवायचे, लेकरं शेजारणीच्या भरवशावर असायची. पुढे मात्र त्या मला मनापासून आवडायला लागल्या. पण त्यांचं मन लागेना. दुपारभर फाटकाशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "गावाले निंदण लागलं असन."

एका शनिवारी शाळेतून आले तर अर्धं अंगण उघडं. हरळी मुळासकट उपटून, माती झटकून, कुंपणाशी तिचा ढीग. तरोटा तेवढा भाजीसाठी राखलेला. सासूबाई घामाघूम आणि खूश. "केवढी हरळी माजली होती व माय! काऊन ठेवली तुमी?"

धान लावणाऱ्या माणसाला हरळी वैरीण. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्यांचा चेहरा पाहून आधी त्यांना पाणी आणून दिलं. नवरा मात्र आला आणि भलत्याच गोष्टीवर चिडला. "तू काऊन बसली निंदाले? साऱ्या कॉलनीनं पाह्यलं असन. तुले त्याच्यासाठी आणलं काय?"

त्या म्हणाल्या, "मंग मले गावाले पोचव. बसून बसून माहे हात मरून राह्यले इथी."

रविवारी सकाळी त्यांची पिशवी ओट्यावर आली. नवरा तोंड पाडून सायकलरिक्षा बघायला गेला. मी घाबरले होते. थांबा म्हणून काही उपयोग नव्हता, कालपासून तेच म्हणत होते. मग दोन खुरपी आणली आणि म्हटलं, "आई, इथी हरळी आपली, बाकी सारं तण. उरलेल्या भागात मोथा माजला. रिक्षा येतवरी लागा जरासं."

त्या लगेच बसल्या. माझ्यापुढे एक पट्टा आखून दिला, शेजारचा स्वतः धरला. "हे तुही पात, हे माही." त्यांचं खुरपं सरसर चाललं, मी मागं पडले. मी मुद्दाम हळू केलं, असं नवरा अजून म्हणतो. मी खरंच हळू होते.

रिक्षा आली तेव्हा त्यांची पात संपली होती. आता उठतील, असं मला वाटलं. त्या उठल्या, वळल्या आणि माझ्या पातीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडे तोंड करून बसल्या.

"आई, बस सुटते," नवरा म्हणाला.

"सुनेची पात राह्यली नं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "एक बाई मागं राह्यली त निंदणातून कोनी उठते काय?"

नवऱ्यानं रिक्षा परत पाठवली, चपला काढल्या आणि भर रविवारी, साऱ्या कॉलनीदेखत, आईशेजारी मातीत बसला. त्याला मोथा आणि हरळी यांतलं काहीच कळत नव्हतं. त्याच्या हातावर चापट मारत त्या शिकवत होत्या.

माझी पात संपली तशी त्यांनी उघड्या अर्ध्या अंगणाकडे पाहिलं. "ढिगातली हरळी ओलीच हाये. उद्या लावू."

उद्या म्हणाल्या त्या. मी खुरपं खाली ठेवलं आणि मातीच्या हातांनीच डोळे पुसले.