मधोमधचं घर

श्रीनिधीला फोन सरळ धरता येत नाही. त्यामुळं प्रभावतीबाईंना आधी छत दिसलं, मग पांढरी भिंत, मग सून प्राचीचा खांदा, आणि सगळ्यात शेवटी नात निकिता. ती चार वर्षांची, रिकाम्या खोलीत गोल गोल पळत होती. पूर्णेत रविवारचे सकाळचे साडेनऊ झाले होते, मेलबर्नला दुपारचे दोन. विकाऊ घर बघायला तिथं अर्धाच तास देतात म्हणे, म्हणून पोरगा घाईत होता.

"आई, ही तुझी न् बाबांची खोली. बाथरूम आतच हाय. जिना न्हाई."

"लय भारी," काशीनाथराव म्हणाले. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, जणू खोली त्यानं मोठी होणार होती.

वस्तीचं नाव टार्नीट. शहरात एवढं मोठं घर घेणं दोघांच्या ऐपतीबाहेर. तिथली नोकरदार माणसं अशी बाहेरच्या वस्तीत घरं घेतात आणि रोज रेल्वेनं जातात-येतात. प्राची मेलबर्नमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. श्रीनिधीची नोकरी उलट्या दिशेला, जिलाँगला. टार्नीट दोन्हींच्या मध्ये पडतं. दुसरा पर्याय होता प्राचीच्या हॉस्पिटलजवळचा दोन खोल्यांचा फ्लॅट. पण त्यात आई-बाबांना जागा नाही. आई-बाबा कायमचे राहायला येणार असतील तर टार्नीट, नाहीतर फ्लॅट. बुधवारपर्यंत सांगायचं होतं.

"मधोमध हाय," काशीनाथराव खुशीत म्हणाले. "कुणावरच अन्याय न्हाई."

प्रभावतीबाईंनी पोह्याची ताटली खाली ठेवली. हेच वाक्य याच माणसानं पस्तीस वर्षांपूर्वी म्हटलं होतं. तेव्हा त्या परभणीच्या शाळेत गणित शिकवायच्या आणि काशीनाथराव नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होते. परभणीत घर घेतलं तर नवऱ्याला त्रास, नांदेडला घेतलं तर बायकोला. दोघंही शिकलेली, दोघंही समजूतदार. घेतलं पूर्णेत. त्यानंतर सत्तावीस वर्षं दोघांनी अपडाऊन केलं, ती एका दिशेला, तो दुसऱ्या. सकाळी दोन प्लॅटफॉर्मवर समोरासमोर उभं राहून त्या हाताच्या खुणेनं विचारायच्या, गॅस बंद केला का? ते मान हलवायचे. ही मान हो म्हणून हलली की ऐकू आलं नाही म्हणून, हे संध्याकाळी कळायचं. संसारातलं निम्मं बोलणं असं रुळांवरून झालं. घरी आल्यावर बोलायला अंगात त्राण नसायचं.

आणि श्रीनिधीला कुणी सांभाळलं? दगडाबाईंनी. काशीनाथरावांच्या आईनं. तिला ताडकळसहून आणलं होतं. तिकडं तिच्या बोलण्यातल्या, भांडणातल्या बाया होत्या, आठवडी बाजार होता. पूर्णेत सकाळी दारं लावून घ्यायची आणि अंधार पडेपर्यंत एक पोर आणि चार भिंती. एकोणीस वर्षं राहिली, पण तिसऱ्या गल्लीच्या पुढं तिला पूर्णा माहीत नव्हती. ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी सकाळी ती वेणी घालून बसायची आणि म्हणायची, "प्रभे, आज बाजार असंल."

"असंल," म्हणत प्रभावतीबाई डब्याचं झाकण लावायच्या. गाडीची वेळ झालेली असायची. एकदाही त्यांनी सासूला बाजाराला नेलं नाही. एकदाही. रविवारी धुणं असायचं.

"घरातून किती वाजता निघणार तुमी?" त्यांनी फोनमध्ये विचारलं.

"पावणेसातला," श्रीनिधी म्हणाला.

"परत?"

"साडेसहा होतील. कधी सात."

"दोघंही?"

"दोघंही. पण आई, निकिताला पाळणाघरात ठेवायची गरजच राहणार न्हाई. तुमी असणार ना."

"जवळ काय हाय?"

"मंदिर हाय, आपल्या लोकांचं दुकान हाय. गाडीनं धा मिनिटं."

"गाडी कोण चालवणार? तुझे बाबा स्कूटर सुद्धा घसरवतात."

काशीनाथराव म्हणाले, "एकदाच घसरली."

निकिता कुठल्यातरी कपाटात जाऊन बसली होती आणि प्राची तिला ओढून काढत होती. एजंटनं दार लावायला घेतलं. श्रीनिधी म्हणाला, "बुधवारी बोलू."

त्या तीन दिवसांत काशीनाथराव दहा वर्षांनी तरुण झाले. थंडीचे कपडे कुठले घ्यायचे हे ते गल्लीत विचारून आले. घराला कुलूप लावायचं की भाडेकरू ठेवायचा, हेही मनाशी ठरवलं. मंगळवारी दुपारी, ते पेपर वाचत असताना प्रभावतीबाई म्हणाल्या, "मी न्हाई येणार."

"कशामुळं?"

"मला दगडाबाई व्हायचं न्हाई."

"आईला काय कमी केलं आपण?"

"काहीच कमी केलं न्हाई. खायला घातलं, औषधपाणी केलं. संध्याकाळी सातला."

काशीनाथरावांनी पेपर उघडलाच ठेवला, पण पान काही उलटलं नाही. म्हणाले, "माझी आई होती. तू कशाला मनाला लावून घेतेस?" आणि उठून बाहेर गेले. रात्री जेवताना त्यांनी भाजी मागितली नाही, हातानं वाढून घेतली.

बुधवारी फोन प्राचीनं घेतला. मानवतची पोरगी, बोलायला सरळ. प्रभावतीबाईंनीही लांबण लावली नाही.

"आमी येणार न्हाई, प्राची. राहायला न्हाई. तुमी तो फ्लॅट घ्या."

"फ्लॅट घेतला तर श्रीनिधीला रोज दीड तास जायला न् दीड यायला."

"जाऊ दे. एकानंच जावं. तू पाच वाजता सुटून साडेपाचला घरी असशील."

"म्हणजे निकिताचं सगळं माझ्यावर."

"हो," प्रभावतीबाई म्हणाल्या. खोटं कशाला बोलायचं. "तुझ्यावर येणार. तसं तेव्हा माझ्यावर यायला पाहिजे होतं, परभणीत माझ्या शाळेजवळ घर घेऊन. मी तसं केलं न्हाई."

"आजींनी श्रीनिधीला सांभाळलंच ना?" प्राचीचा आवाज चढला. "तुमाला नोकरी करता आली ती त्यांच्यामुळं. आता माझ्या वेळेला तुमी न्हाई म्हणताय."

"खरंय."

"इतकंच?"

"मला त्यांच्याइतकं जमणार न्हाई. मी तिथं वेडी होईन, आणि तुझ्यावर चिडीन. आजी चिडल्या न्हाईत, त्या नुसत्या गप्प झाल्या. मला गप्प बसता येत न्हाई, तुला माहिताय."

प्राचीनं फोन ठेवला. पुढं तीन आठवडे फक्त श्रीनिधी बोलला, तेही बाबांशी. तब्येत, पाऊस, निकिताचा खोकला. प्रभावतीबाई स्वयंपाकघरातून ऐकायच्या. निर्णय चुकला असं त्यांना वाटत नव्हतं, पण बरोबर आल्याचं सुखही नव्हतं. गणिताच्या बाईंना हे नवीनच होतं.

मग एका दुपारी एक वाजता फोटो आले, तिकडं साडेपाच झाले असतील. श्रीनिधीनंच पाठवले. दोन खोल्या, अरुंद गॅलरी, खिडकीतून हॉस्पिटलची भिंत. एका फोटोत प्राची जमिनीवर बसून निकिताला भरवत होती, आणि मागं खिडकीत अजून ऊन होतं. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

काशीनाथरावांनी फोटो एकेक करून मोठे करून बघितले. सगळे बघून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून बघितले.

"आपण झोपायचं कुठं?" त्यांनी विचारलं.

"हॉलमध्ये. गादी टाकू खाली. पंधरा दिवस जाऊन येऊ."

"पंधरा दिवसांसाठी इतक्या लांब कोण जातं?"

प्रभावतीबाईंनी त्यांच्या हातातला फोन घेतला, भरवण्याचा तो फोटो आणखी एकदा बघितला आणि म्हणाल्या, "उठा, जेवून घ्या."